सागरकिनारी हिमवर्षाव

गोव्यातील मुलांना बर्फ ठाऊक असतो तो मासळीबाजारातला. पहाटे ट्रॉलरवरून उतरलेल्या बांगड्यांवर फोडून घातलेला, खवल्यांच्या वासाचा आणि दुपारपर्यंत काळपट पाणी होऊन गटाराला लागणारा. दुसरा बर्फ जत्रेतला, काडीला दाबून बसवलेला, लाल-हिरव्या पाकाचा. त्यामुळे भूगोलाच्या तासाला ‘हिमवर्षाव’ हा शब्द आला की आम्हांस दरवर्षी तीच अडचण पडते. आकाशातून बर्फ पडतो म्हटल्याबरोबर मुलांच्या डोळ्यांपुढे लाद्या कोसळू लागतात. ‘मग सर, तिथली माणसे डोक्याला लागून मरत नाहीत का?’ असे एका विद्यार्थ्याने विचारले होते. वर्ग हसला, पण आम्हांस हसू आले नाही. दोष त्या मुलाचा नव्हता, आपल्या बोलण्याच्या सवयीचा होता. गोठून दगड झालेल्या पाण्याला आपण बर्फ म्हणतो आणि आभाळातून पिसासारख्या तरंगत येणाऱ्या स्फटिकांनाही बर्फच म्हणतो. ‘हिम’ हा शब्द आपण कवितेसाठी राखून ठेवला आहे, आणि ‘दहिवर’ जुन्या माणसांबरोबर निघून चालला आहे.

गारा म्हणजे हिम नव्हे, हेही येथेच सांगून टाकावे. गार ही उन्हाळी वादळी ढगाची प्रजा. त्या ढगातील प्रचंड ऊर्ध्वगामी वाऱ्याने बर्फाचा कण वर फेकला जातो, त्यावर पाण्याचे थर गोठत जातात, आणि वजन न पेलल्यावर तो दाणकन खाली येतो. हिमाचा जन्म शांत असतो. ढगातील बाष्प द्रवरूप न होता थेट स्फटिकरूप धारण करते, स्फटिक एकमेकांना बिलगून पापुद्रे होतात आणि आवाज न करता जमिनीवर उतरतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या हिवाळ्यात पहाटे गवतावर पांढरी साय दिसते आणि वृत्तपत्रे ‘महाबळेश्वरात हिमकण’ असा मथळा देतात. ते मात्र जमिनीवरच गोठलेले दव असते, ढगातून आलेले हिम नव्हे.

हा विषय आमच्या मनात घोळू लागला तो २०२५ सालच्या जानेवारीनंतर. आमच्या शाळेतील एका मुलीचे वडील बोटीवर असतात. त्यांची बोट त्या वेळी अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका बंदरात होती. सुटीवर आल्यावर त्यांनी शाळेत येऊन मोबाइलवरील काही छायाचित्रे दाखविली. एका चित्रात समुद्र होता, काठावर पाणकोळी पक्षी ओळीने बसले होते आणि त्यांच्यामागे सारे पांढरे. मेक्सिकोच्या आखाताच्या त्या भागातील वाळू मुळातच साखरेसारखी शुभ्र, त्यामुळे वाळू कोठे संपते आणि हिम कोठे सुरू होते हे समजत नव्हते. ‘सर, पस्तीस वर्षे दर्यावर आहे, उत्तरेकडची बंदरे गोठलेली पाहिली. पण नारळीसारखी झाडे आणि खाली बर्फ, हे काही पटेना,’ असे ते म्हणाले.

त्यांस पटू नये हे स्वाभाविकच होते. न्यू ऑर्लिन्स हे शहर उत्तर अक्षांश ३० च्या जवळपास आहे, म्हणजे नेमके आपल्या हरिद्वारच्या रेषेवर. शेजारी कोमट समुद्र, हवा दमट, उन्हाळा आपल्या कोकणपट्टीची आठवण करून देणारा. अशा ठिकाणी २१ जानेवारी २०२५ रोजी, एका दिवसात, विमानतळावर ८ इंच हिम साचले. आपल्या जुन्या मापाने जवळजवळ एक वीत. पूर्वेस मोबील शहरी साडेसात इंच, फ्लॉरिडातील पेन्सकोला येथे जवळपास ९ इंच, आणि त्याच्या शेजारच्या मिल्टन या छोट्या गावी सुमारे ९.८ इंच. फ्लॉरिडा राज्यातील आधीचा उच्चांक होता ४ इंचांचा, आणि योगायोग असा की तोही १९५४ साली मिल्टन गावीच नोंदला गेला होता. पश्चिम लुइझियाना व त्याला लागून असलेल्या टेक्ससच्या किनाऱ्यासाठी तेथील लेक चार्ल्सच्या हवामान कार्यालयाने हिमवादळाचा इशारा दिला. त्या कार्यालयाने असा इशारा देण्याची ती पहिलीच वेळ होती.

हरिद्वारास हे का होत नाही? एकाच अक्षांशावरील दोन गावांत एवढे अंतर का? उत्तर नकाशात आहे, फक्त तो उभा नव्हे तर आडवा वाचावा लागतो. आपल्या उत्तरेस हिमालय पूर्व-पश्चिम आडवा पडलेला आहे. सायबेरियातील प्राणघातक थंड हवा दक्षिणेस घसरू लागली की ती या भिंतीवर अडते. अमेरिकेतील रॉकी पर्वत मात्र उत्तर-दक्षिण उभा आहे. त्याच्या पूर्वेस कॅनडाच्या गोठलेल्या प्रदेशापासून थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत सपाट मैदान. वाटेत अडविणारे कोणी नाही. ध्रुवाकडील हवेचा एखादा लोंढा सुटला की तो दोनतीन दिवसांत आखाताच्या पाण्यापर्यंत पोहोचतो. आपण हिमालयाला देवतात्मा म्हणतो, नद्यांचा पिता म्हणतो. तो आपल्या पाठीशी उभा असलेला दाराचा अडसर आहे, हे आपण सहसा बोलत नाही.

परंतु नुसती थंडी आली म्हणजे हिम पडत नाही. किनाऱ्यावरील लोक अनुभवाने जाणतात की थंडी आली की ढग पळतात आणि ढग आले की थंडी पळते. उत्तरेची हवा कोरडी असते; ती आली की आभाळ स्वच्छ होते. समुद्रावरून बाष्प येते तेव्हा ते ऊब घेऊनच येते, मग पडतो तो पाऊस. दोन्हींची गाठ पडायला वेळ अगदी नेमकी जुळावी लागते. जमिनीवर गोठविणारी हवा आधीच मुक्काम ठोकून बसलेली हवी, आणि त्याच वेळी आखातावरून एक कमी दाबाचा पट्टा किनाऱ्याला समांतर सरकत गेला पाहिजे. मग दमट हवा त्या जड, थंड हवेवर चढते, वर स्फटिक तयार होतात आणि खाली उतरताना वाटेत कोठेही वितळत नाहीत. मध्येच एखादा उबदार थर आला तर हिमाचे पाणी होते आणि ते जमिनीला टेकताच काचेसारखे गोठते. तो प्रकार हिमापेक्षा कितीतरी वाईट. २०२५ मध्ये थंडी इतकी खोल होती की आदल्या दिवशी, २० जानेवारीस, उत्तरेकडे वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी उघड्यावरून छताखाली न्यावा लागला होता. त्याच थंडीचे टोक न्यू ऑर्लिन्सवर होते.

त्या दिवशी लोकांनी काय केले? प्रथम खेळले. घसरगाड्या कोणाकडे असणार? कपडे धुण्याच्या टोपल्या, पुठ्ठ्याची खोकी, पोहण्याच्या तलावातील हवा भरलेल्या मगरी, छोट्या होड्या, जे हाताला लागले त्यावर बसून माणसे उतारावरून घसरली. न्यू ऑर्लिन्समध्ये एका धर्मगुरूशी हिमगोळ्यांची लढाई खेळणाऱ्या जोगिणींचे चलच्चित्र जगभर पाहिले गेले. आमच्या मुलांनाही ते फार आवडले. शिस्तीची माणसे एक दिवस शिस्त विसरली तर मुलांना त्यांच्याविषयी आदर अधिकच वाटू लागतो, असा आमचा अनुभव आहे.

मात्र त्याच शहरात दुसरीही गोष्ट चालू होती. तेथील कित्येक जुनी घरे पुराच्या आणि दमटपणाच्या भीतीने खांबांवर उभी केलेली असतात, खालून वारा खेळावा म्हणून. उष्णतेसाठी हे उत्तम. पण पाण्याचे नळ त्या मोकळ्या जागेतून किंवा माळ्यावरून उघडेच जातात, आणि पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. लोखंडही त्यापुढे टिकत नाही. म्हणून लोकांना सांगतात की रात्री नळ थेंबथेंब चालू ठेवा, वाहते पाणी सहसा गोठत नाही. सगळ्या शहराने नळ सोडले की पाण्याचा दाब उतरतो, ही आणखी एक पंचाईत. मोठ्या राजमार्गाचा एक पट्टा लुइझियानात दलदलीवरून सुमारे २९ किलोमीटर पुलावरूनच जातो. पुलाला खालूनही वारा लागत असल्यामुळे तो जमिनीवरील रस्त्याआधी गोठतो. तो मार्ग बंद ठेवावा लागला. उत्तरेकडील शहरात वीतभर हिम म्हणजे सकाळी फावडे घेऊन अर्धा तास. तेथे तेच हिम विमाने, शाळा, दुकाने सगळे थांबवून गेले. हिमाची जाडी पट्टीने मोजता येते, पण ते कोणाच्या दारात पडले हे पट्टी सांगत नाही.

या किनाऱ्याची हिमाशी पहिली मोठी गाठ पडल्याची नोंद आहे ती १८९५ सालची. फेब्रुवारीच्या १४ आणि १५ तारखांना ह्यूस्टन शहरात २० इंच, समुद्रातील गॅल्व्हेस्टन बेटावर १५ इंचांहून अधिक आणि लेक चार्ल्स येथे २२ इंच हिम पडले. न्यू ऑर्लिन्समध्ये तेव्हा ८.२ इंचांची नोंद झाली, म्हणजे २०२५ च्या जवळपास तेवढीच. १८९९ च्या फेब्रुवारीत तर मिसिसिपी नदीतून बर्फाचे तुकडे वाहत न्यू ऑर्लिन्सवरून थेट आखातात गेले, आणि फ्लॉरिडातील टॅलाहासी येथे पारा उणे १९ अंशांजवळ उतरला. फ्लॉरिडाचा तो नीचांक अद्याप मोडलेला नाही.

पण १८९५ ची खरी कहाणी हिमाची नव्हे, संत्र्यांची आहे. आमच्या मते या विषयात तीच सर्वांत मनाला लागणारी होय.

मध्य व उत्तर फ्लॉरिडात त्या काळी संत्र्याच्या बागांचा सुकाळ होता. उत्तरेकडून लोक येत, कर्ज काढून जमीन घेत आणि बाग लावीत. १८९४ च्या हंगामात पन्नास लाखांहून अधिक पेट्या माल तयार होता. डिसेंबरच्या अखेरीस, नाताळ उलटताच, थंडीची पहिली लाट आली. झाडावरची फळे गोठून खराब झाली, पाने गळाली, पण झाडे जगली. हंगाम गेला तर गेला, झाड वाचले, एवढे समाधान बागाईतदारांस होते. मग जानेवारी आला तो सौम्य आणि उबदार. झाडांना वाटले वसंत आला. मुळांतून रस वर चढला, खोडांवर कोवळी पालवी फुटली. आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या तोंडाशी दुसरी लाट आली. या वेळी खोडांत रस भरलेला होता. तो गोठला, फुगला आणि साली उभ्या फाटल्या. ते आवाज रात्री बंदुकीच्या बारासारखे ऐकू येत, असे सांगतात. मुळापर्यंत झाडे गेली. पुढच्या हंगामात पेट्यांची संख्या दीड लाखाच्या आसपास आली.

आम्ही स्वतः बागाईतदार नाही, पण ज्याच्या दारी एखादे मानकुरादचे झाड आहे त्यास हे दुःख समजेल. आपल्या आंब्यालाही मोहोरासाठी थोडी कोरडी थंडी लागते, पण बेताचीच. मोहोर आल्यावर ढगाळ हवा आली की घरातील वडील माणसे अंगणात येऊन वर पाहत उभी राहतात, कोणी काही बोलत नाही. फ्लॉरिडातील त्या फेब्रुवारीत फळाचा नव्हे, झाडाचा प्रश्न होता. संत्र्याचे नवे झाड पुरते धरू लागायला वर्षे जातात. सावकार तेवढे थांबत नाही. कित्येक कुटुंबे घरे टाकून निघून गेली. टेबलावर ताटे तशीच राहिली होती, अशा कथा त्या भागात अजून सांगतात.

याच आपत्तीतून मायामी शहर जन्मास आले, असे म्हणतात. दूर दक्षिणेस, मायामी नदीच्या मुखाशी ज्युलिया टटल नावाच्या एका विधवा बाईची जमीन होती. तेथे थंडीची झळ लागली नव्हती. रेल्वेमालक हेन्री फ्लॅग्लर यांस तिने संत्र्याचा टवटवीत मोहोर पाठविला आणि त्याने लोहमार्ग तेथवर आणण्याचे कबूल केले, ही कथा फ्लॉरिडात घरोघर ठाऊक आहे. मोहोराच्या डहाळीबद्दल इतिहासकार साशंक आहेत. जमिनीच्या व्यवहाराबद्दल मात्र शंका नाही, कारण त्या बाईने आपल्या मिळकतीचा मोठा भाग देऊ केला होता. १८९६ च्या एप्रिलमध्ये आगगाडी आली आणि जुलैमध्ये शहराची रीतसर स्थापना झाली.

त्या मायामीतही हिमाने एकदा पाऊल टाकले. १९ जानेवारी १९७७ रोजी सकाळी शहरात भुरभुर हिम पडताना लोकांनी पाहिले. जमिनीला टेकताच ते वितळले. मोजण्यासारखे काहीच उरले नाही. वृत्तपत्रांनी मोठे मथळे दिले, लोक आजही त्या सकाळची आठवण काढतात. पण मागून आलेल्या गोठविणाऱ्या रात्रींनी दक्षिण फ्लॉरिडातील हिवाळी भाजीपाल्याची शेते काळी पडली, आणि त्या शेतांत रोजंदारीवर तोडणी करणाऱ्या, गावोगाव फिरणाऱ्या मजुरांचे हातचे काम गेले. मथळ्यात हिम होते, मजूर आतल्या पानावर.

मध्यंतरीच्या काळात बागाईतदार एक विद्या शिकले. थंडीच्या रात्री ते झाडांवर पाणी फवारतात. ऐकणाऱ्यास हा वेडेपणा वाटतो. पण पाणी गोठताना आपल्यातील अप्रकट उष्मा सोडते, आणि फवारा चालू आहे तोवर झाडाचे अंग शून्य अंशाखाली फारसे जात नाही. पाठ्यपुस्तकातील ही आकृती मुले परीक्षेपुरती पाठ करतात. तिच्या जोरावर कोणाची बाग वाचते हे सांगितल्यावर मात्र मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात. अर्थात या विद्येलाही मर्यादा होतीच. १९८३, १९८५ आणि १९८९ च्या थंडींनी मध्य फ्लॉरिडातील बागा पुन्हा मोडल्या. क्लेरमाँट गावी १९५६ साली पर्यटकांसाठी एक उंच मनोरा बांधला होता, वरून दूरवर पसरलेल्या संत्र्यांच्या बागा पाहण्यासाठी. मनोरा अजून उभा आहे. वर गेल्यावर दिसतात ती घरांची छपरे.

हिमाचा सर्वांत क्रूर अवतार मात्र २०२१ च्या फेब्रुवारीतला, टेक्ससमधील. गॅल्व्हेस्टनच्या किनाऱ्यावर हिम पडले, छायाचित्रे निघाली, आणि पाठोपाठ राज्यभर वीज गेली. तेथील वायुविहिरी, नळ आणि वीजकेंद्रे उन्हाळ्याच्या हिशेबाने बांधलेली होती. थंडीत तीच गोठली. ४५ लाखांहून अधिक घरे अंधारात गेली. संपूर्ण राज्याची वीजयंत्रणा पुरती कोसळण्यापासून साडेचार मिनिटांच्या अंतरावर होती, असे नंतर चौकशीत उघड झाले. तसे झाले असते तर ती पुन्हा उभी करायला आठवडे लागले असते. राज्याच्या आरोग्य विभागाने २४६ मृत्यू मोजले. काही थंडीने, काही बंद खोलीत ऊब मिळविण्यासाठी पेटविलेल्या कोळशाच्या किंवा मोटारीच्या विषारी धुराने. संपन्न देशातील पक्क्या घरांत, अंथरुणात माणसे गारठून मेली. दहा वर्षांपूर्वीच, २०११ च्या थंडीनंतर, यंत्रणेला ऊबदार वेष्टन घालण्याची सूचना झालेली होती. ती बहुतांशी कागदावरच राहिली. २०२५ मध्ये मात्र वीज टिकली.

त्या २०२१ च्या थंडीत दक्षिण टेक्ससच्या खाडीत हिरवी समुद्रकासवे बधिर होऊन पाण्यावर तरंगू लागली. कासव थंड रक्ताचे. पाणी एकदम गार झाले की त्याचे हातपाय हलेनासे होतात, मान वर काढून श्वासही घेता येत नाही. साउथ पाद्रे बेटावरील लोक, ज्यांच्या स्वतःच्या घरी वीज नव्हती, होड्या घेऊन निघाले आणि कासवे उचलून आणू लागले. जागा पुरेना म्हणून तेथील सभागृह उघडले. फरशीवर ओळीने हजारो कासवे.

अलीकडे शिक्षकांच्या खोलीत हमखास निघणारा एक प्रश्न येथे टाळता येणार नाही. पृथ्वी तापते आहे म्हणतात, मग हे हिम कसे? एका दिवसाच्या हिमाने शंभर वर्षांची नोंद खोटी ठरत नाही. त्या किनाऱ्यावरचे हिवाळे एकंदरीत पूर्वीपेक्षा सौम्य झाले आहेत. उलट समुद्र तापला की बाष्प अधिक उठते, आणि थंड हवेशी गाठ पडली तर हिमही अधिक पडू शकते. ध्रुवप्रदेश तापल्यामुळे तेथील थंड हवेचा भोवरा वारंवार ढळतो का, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. आम्ही मुलांना एवढेच सांगतो की हवा आणि हवामान हे दोन वेगळे शब्द आहेत.

बोटीवरील त्या पालकांनी छायाचित्रे दाखविल्यावर वर्गात बराच वेळ गोंधळ चालला होता. आपल्याकडे कधी पडेल का, हा प्रश्न आलाच. आम्ही फळ्यावर नकाशा काढला, हिमालयाची आडवी रेघ ठळक केली आणि नाही म्हटले. मुले थोडी हिरमुसली. मग त्या मुलीने विचारले, ‘बाबा, ती कासवे जगली का?’ तिच्या वडिलांना २०२१ ची ही हकीकत आमच्याकडूनच प्रथम कळत होती, ते आमच्याकडे पाहू लागले. पुष्कळशी जगली, असे आम्ही सांगितले. पाणी कोमट झाल्यावर त्यांना होड्यांतून खोल समुद्रावर नेले आणि घसरगुंडीवरून एकेक करून सोडले. घसरगुंडी केवढी होती, लाकडाची की पत्र्याची, एका वेळी किती कासवे, असे प्रश्न घंटा होईपर्यंत चालू राहिले.